हिरवा क्रोमिस आणि पट्टेरी डॅसिलस

लक्षद्वीपच्या उथळ लगूनमध्ये (प्रवाळभिंतीच्या आतल्या शांत खाऱ्या पाण्यात) फांद्यांसारख्या वाढणाऱ्या प्रवाळात आढळणारे निळसर-हिरवा क्रोमिस विरिडिस आणि तीन काळ्या पट्ट्यांचा पांढरा डॅसिलस अरुआनस हे दोन्ही डॅमसेल मासे जेमतेम ८ ते १० सेंटिमीटर वाढतात आणि धोका दिसताच प्रवाळात शिरतात. क्रोमिसचे मोठे थवे प्रवाळाच्या वर पोहत प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, टिपतात. डॅसिलस मात्र बहुधा एकाच प्रवाळगुच्छाला धरून लहान गटात राहतो. या गटात आकारानुसार कडक उतरंड असते आणि वरचा नर नाहीसा झाल्यास सर्वांत मोठी मादी नर होऊ शकते, ही गोष्ट मला दोघांच्या तुलनेत सर्वाधिक विलक्षण वाटते. अंड्यांची राखण दोन्ही जातींत नरच करतो. फांद्यांत विसावताना दोघेही उत्सर्जनातून प्रवाळाला नत्र पुरवतात.