ट्रेलर घेताना आम्ही गादी उचलून पाहिली नाही

जुलै २०२३. ग्रँड कॅनियनच्या साउथ रिमवर, मॅथर कॅम्पग्राऊंडमध्ये आमचा पहिलाच मुक्काम होता. दुपारी तीनच्या सुमाराला आभाळ भरून आलं. आधी गारा पडल्या, मग धो धो पाऊस. ॲरिझोनात जुलै-ऑगस्टमध्ये असा पाऊस होतोच, म्हणून सगळे ट्रेलरमध्ये, म्हणजे ट्रकमागे ओढायच्या आमच्या चाकांवरच्या घरात, शिरलो आणि मी चहा टाकला. सासूबाई पुढच्या पलंगावर आडव्या झाल्या होत्या. पाच मिनिटांत त्यांची हाक आली, "अगं, इकडं ये बघू. माझ्या उशाला पाणी पडतंय."

वरच्या कपाटाच्या कडेनं तपकिरी पाणी ओघळत होतं. भिंतीवरचा वॉलपेपर पुरीसारखा फुगला होता. मी त्यांना उठवलं, गादी उचलली, खालची फळी बाजूला केली आणि कोपऱ्यात टॉर्च मारला. तिथलं प्लायवूड काळंठिक्कर पडलं होतं. बोटानं दाबून पाहिलं, तर चहात बुडवलेल्या खारीत जावं तसं बोट एक पेर आत गेलं.

तीन महिन्यांपूर्वी साडेचौदा हजार डॉलर रोख मोजून घेतलेला हा ट्रेलर. अमेरिकेत राहणारी कितीतरी मराठी घरं उन्हाळ्यात आईवडिलांना बोलावून घेतात आणि त्यांना नॅशनल पार्क दाखवायचा बेत करतात. त्यातल्या कुणाच्या मनात जुना ट्रेलर घ्यायचा असेल, तर आमच्या बाबतीत काय झालं ते नीट वाचा. म्हणूनच बारीकसारीक तपशिलासह लिहिते आहे.

आम्ही फिनिक्सजवळ राहतो. सासू-सासरे साताऱ्याहून यायचे होते. आईंना दमा आहे, रात्री दोनतीनदा उठावं लागतं, बाहेरचं खाणं सोसत नाही. बारा दिवस रोज नवं मोटेल, रोज नवी गादी, हे त्यांना झेपलं नसतं. ट्रेलरमध्ये आपलाच बिछाना, आपलीच शेगडी आणि चार पावलांवर संडास. पिकअप ट्रक आमच्याकडे होताच. मॅथर आणि युटामधल्या झायन नॅशनल पार्कच्या वॉचमन कॅम्पग्राऊंडचं बुकिंग सहा महिने आधी उघडतं आणि बघता बघता संपतं, म्हणून जानेवारीतच जागा धरून ठेवल्या होत्या. विमानाची तिकिटंही निघाली होती. राहिला होता तो फक्त ट्रेलर. भाड्यानं घ्यायचा तर रोजचे दीडशे डॉलर, वर विमा आणि साफसफाईचे वेगळे. त्यापेक्षा जुना विकत घ्यावा, ट्रिप झाली की विकून टाकावा, असा हिशेब आम्ही केला. करोनाच्या काळात लोकांनी हौसेनं आरव्ही (अशी चाकांवरची घरं) घेतल्या. एकट्या २०२१ साली सहा लाखांवर नव्या आरव्ही कारखान्यांतून बाहेर पडल्या होत्या, आणि आता जुन्याही भराभर विक्रीला येत होत्या. हिशेब चुकीचा नव्हता. चुकलं ते पुढे.

एप्रिलमध्ये एक जाहिरात दिसली. चोवीस फुटी, २०१६चं मॉडेल, "मुलं मोठी झाली, आता जाणं होत नाही". विकणाऱ्या माणसानं आम्हाला घरी न बोलावता शहराबाहेरच्या एका स्टोरेज यार्डात बोलावलं. सोसायटीच्या नियमामुळे घरासमोर ट्रेलर उभा करता येत नाही, असं म्हणाला. फिनिक्सच्या बऱ्याच वस्त्यांमध्ये हा नियम खरंच आहे, त्यामुळे शंका आली नाही. पन्नाशीचा, मवाळ बोलणारा माणूस. उन्हातून आलो म्हणून थंड पाण्याच्या बाटल्या दिल्या. आत जनरेटरवर एसी चालू होता, व्हॅनिलाचा वास दरवळत होता. खाली नवंकोरं, लाकडासारखं दिसणारं व्हिनाइल फ्लोअरिंग. पुढच्या भिंतीवर फळ्यांचं डिझाइन असलेला वॉलपेपर. पलंगावर गोधडी अंथरलेली, तिच्यावर सहा उशा नीट मांडलेल्या.

आणि दारावर अमेरिकेचा स्टिकरचा नकाशा. ज्या राज्यात जाऊन आलं, त्या राज्याचा रंगीत तुकडा चिकटवायचा. चौतीस राज्यं भरलेली होती. माझ्या लेकानं एकेक राज्य मोजलं. तो माणूस शेजारी उभा राहून सांगत होता, इथे आम्हाला अस्वल दिसलं, इथे धाकटीनं पहिल्यांदा बर्फ बघितला. माझा विश्वास बसला तो त्या नकाशामुळे. भटक्या, आपल्यासारखंच पोरांवर जीव असलेलं घर, असं वाटलं.

आता मागे वळून पाहिलं की एकेक गोष्ट नीट दिसते. ट्रेलर कुंपणाच्या भिंतीला असा खेटून लावला होता की पुढची डावी बाजू आणि भिंत यांत वीतभरच जागा होती. त्या बाजूनं चालत जाऊन बघणं शक्यच नव्हतं, आणि थोडा पुढे घ्या, असं आम्ही म्हटलं नाही. कुजलेला कोपरा नेमका तोच. जिथे नवं फ्लोअरिंग होतं तिथे खाली जुनं प्लायवूड गेलेलं होतं, जिथे वॉलपेपर होता तिथे भिंत गेलेली होती, आणि ज्या पलंगावर गोधडी आणि सहा उशा होत्या त्याच्याच खाली सगळा सत्यानाश होता. छताला "नुकतंच कोटिंग करून घेतलंय" म्हणून त्यानं फोनवर फोटो दाखवला होता. सांध्यांवरच्या सीलंटला गेलेल्या भेगा त्या पांढऱ्या कोटिंगखाली झाकल्या होत्या. शिवाय एप्रिलमधलं फिनिक्स, सगळं कोरडं ठणठणीत. सात वर्षांच्या जुन्या ट्रेलरमध्ये जेवढं नवं दिसत होतं, तेवढ्याच जागा त्याला झाकायच्या होत्या. आम्हाला मात्र वाटलं, किती निगुतीनं ठेवलाय.

माझा नवरा म्हणाला, एखाद्या इन्स्पेक्टरला आणून दाखवतो. त्यावर त्यानं जराही आढेवेढे घेतले नाहीत. "जरूर आणा. फक्त चार वाजता टुसानहून एक कुटुंब रोख पैसे घेऊन येतंय, त्यांना मी नाही म्हणू शकणार नाही." आमची घाई त्याला ठाऊक होती, कारण ती मीच सांगितली होती. सासू-सासरे जूनमध्ये येतायत, कॅम्पग्राऊंड ठरलंय, सगळं मी गप्पांच्या ओघात बोलून गेले होते. तपासणीला काही शे डॉलर लागले असते. ते वाचवले आणि दुपारी दोन वाजता बँकेतून रोकड काढून आणली.

टायटल, म्हणजे मालकीचा कागद, टेक्सासमधल्या कुणा दुसऱ्याच्या नावावर होतं. मागे मूळ मालकाची सही होती आणि खरेदीदाराची जागा कोरी. "मेहुण्याच्या नावावर आहे, मीच वापरायचो," असं तो म्हणाला आणि त्या कोऱ्या जागेत आमचं नाव लिहून घेतलं. पावतीवरही विकणारा म्हणून मेहुण्याचंच नाव, खाली 'आहे त्या स्थितीत' विकला ही ओळ. नोंदणी विनातक्रार झाली, म्हणून आम्हीही निर्धास्त झालो. यातली मेख नंतर कळली. अशा टायटलला इकडे ओपन टायटल म्हणतात. मधल्या माणसाचं नाव कुठेच चढत नाही. कागदानुसार टेक्सासच्या मालकानं ट्रेलर थेट आम्हाला विकला होता. ज्यानं आमचे पैसे घेतले तो माणूस कागदावर कुठे नव्हताच. परवाना न काढता असे ट्रेलर आणि गाड्या फिरवणारे, वर घरचाच माल असल्यासारखं दाखवणारे लोक बरेच आहेत. विकणाऱ्याचं ओळखपत्र आणि टायटलवरचं नाव जुळत नसेल, तर तिथून उठून या. मेहुणा असो, वारलेला काका असो, गोष्ट कितीही खरी वाटो.

जूनमध्ये सासू-सासरे आले. आण्णा, म्हणजे माझे सासरे, तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. ट्रेलर बघायला गेले ते आत न जाता आधी खाली बसले आणि टायरच्या कडेवरून अंगठा फिरवला. अंगठा काळा झाला. टायरला चकाकी यावी म्हणून काहीतरी फासलेलं होतं, आणि त्याखाली केसासारख्या बारीक चिरा. "टायर कधीचे म्हणाला होता तो?" मी म्हटलं, मागच्या वर्षीचे. आण्णांनी चष्मा वर करून कडेवरचा डीओटीचा आकडा वाचायला लावला. शेवटचे चार अंक १४१६. म्हणजे २०१६ सालच्या चौदाव्या आठवड्यातले, ट्रेलरसोबत कारखान्यातून आलेलेच. ट्रेलर फार चालत नाही, नुसता उन्हात उभा असतो. त्यामुळे नक्षी शाबूत राहते आणि रबर आतून मरतं. चारही टायर बदलले. फिनिक्सहून फ्लॅगस्टाफकडे चढताना भर उन्हात त्यातला एक फुटला असता तर काय झालं असतं, याचा विचारही करवत नाही.

ज्यानं टायरबद्दल खोटं सांगितलं, त्यानं बाकी खरं कशावरून सांगितलं, हा प्रश्न आम्हाला तेव्हाच पडायला हवा होता. पण मेथीचे ठेपले, दशम्या, औषधांचे डबे भरण्यात दिवस गेले आणि आम्ही निघालो.

पावसाच्या त्या रात्री आईंना एवढा खोकला आला की इनहेलरनंही बराच वेळ उतार पडेना. ओल्या लाकडाचा कुबट वास सगळीकडे भरला होता. आम्ही त्यांना ट्रकच्या सीटवर निजवलं. सात हजार फुटांवरची थंडी, खिडक्या जराशा उघड्या, अंगावर सगळ्यांची पांघरुणं. मी बाहेर खुर्चीवर बसून होते. बारा दिवसांचा हा सगळा घाट त्यांना सुखानं झोपता यावं म्हणून घातला होता.

दुसऱ्या दिवशी फ्लॅगस्टाफला एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्यानं दोन सुया असलेला ओलाव्याचा मीटर भिंतीला टोचत टोचत एक चक्कर मारली. दाराकडून पुढच्या कोपऱ्याकडे जाताना आकडा चढत गेला आणि कोपऱ्यात मीटरचा काटाच संपला. मग त्यानं वॉलपेपरची कड सोलली. आत लाकडी चौकटीचा भुगा झालेला. त्या पोकळीत स्प्रे फोम भरला होता, वरून गाडीच्या पत्र्याला भरतात तशी लांबी भरून घासून गुळगुळीत केली होती, आणि त्यावर वॉलपेपर. बाहेर, उन्हाच्या तिरप्या उजेडात, त्यानं मला भिंतीला गाल लावून कडेकडेनं बघायला सांगितलं. समोरून सपाट दिसणारी फायबरग्लासची भिंत पापडासारखी वर आली होती. या भिंती म्हणजे फायबरग्लासचा पातळ पत्रा, मागे पातळ प्लायवूड आणि थर्मोकोल, सगळं गोंदानं चिकटवलेलं. पाणी शिरलं की गोंद सुटतो. दुरुस्तीचा अंदाज निघाला अकरा हजार डॉलर. "हे एका पावसाचं काम नाही," तो म्हणाला, "वर्षानुवर्षं मुरलंय."

असा मीटर दुकानात तीस-चाळीस डॉलरला मिळतो.

विकणाऱ्याचा नंबर बंद होता, जाहिरात गायब. टायटलवरच्या टेक्सासच्या पत्त्यावर माझ्या नवऱ्यानं पत्र टाकलं, उत्तराची आशा न ठेवता. दोन आठवड्यांनी त्या गृहस्थांचा फोन आला. मेहुणा वगैरे कुणी नव्हता. त्यांनी जानेवारीत ट्रेलर तीन हजार डॉलरला विकला होता, पुढची भिंत कुजली आहे हे जाहिरातीत फोटोसकट लिहून. ते फोटो त्यांनी आम्हाला पाठवले. तोच कोपरा, वॉलपेपर लावायच्या आधीचा. आणि एका फोटोत दारावरचा नकाशा. चौतीस राज्यं त्यांनी आणि त्यांच्या मुलींनी पाहिली होती. अस्वल त्यांना दिसलं होतं की नाही हे मी विचारलं नाही. एका चांगल्या घराच्या पंधरा सुट्ट्या त्या माणसानं आमच्यापुढे आपल्या म्हणून ठेवल्या, याचा मला पैशांपेक्षा जास्त संताप आला, आणि अजूनही येतो.

विनापरवाना विक्रेत्यांची तक्रार राज्याच्या वाहतूक खात्याकडे करता येते, ती केली. टेक्सासच्या गृहस्थांनी आपला जबाब लिहून दिला. पैसे परत आलेले नाहीत. रोख दिलेल्या पैशांचा माग राहत नाही. बँकेचा चेक असता तर निदान तो कुणी वटवला ते दिसलं असतं. व्हिन नंबरवरून, म्हणजे वाहनाच्या ओळख क्रमांकावरून, इतिहास तपासला असता तरी काही सापडलं नसतं, कारण या ट्रेलरवर विम्याचा दावा कधी झालाच नव्हता. तेव्हा रिपोर्ट स्वच्छ आला म्हणजे ट्रेलर कोरडा आहे, असं समजू नका. गाद्या उचला, कपाटांच्या आत वरच्या कोपऱ्यांत हात फिरवा, खिडक्यांच्या कडा आणि पलंगाच्या बाजूची जमीन टाचेनं दाबा, शिडी लावून स्वतः छतावर बघा. आणि ट्रेलर मोकळ्या जागेत, चारी बाजूंनी फिरता येईल असा उभा करायला लावा. तो नाही म्हणाला तर तेच उत्तर समजा.

ट्रिप आम्ही मोडली नाही. ट्रेलर फ्लॅगस्टाफला ठेवला आणि ट्रकनं पुढे पेज गाव, झायन आणि ब्राइस कॅनियन पार्क केलं, मिळेल त्या मोटेलमध्ये राहत. झायनच्या १९३० सालच्या बोगद्यातून रुंद वाहनं न्यायची तर १५ डॉलर भरावे लागत. समोरची वाहतूक थांबवून त्यांना मधोमध सोडत. लेकाला त्याचं फार अप्रूप होतं, ते राहिलं. ब्राइसच्या कड्यावर आई अर्धा तास न बोलता बसल्या. मग म्हणाल्या, "एवढं दाखवलंस, आता त्या डब्याचं मनाला लावून घेऊ नकोस."

ऑक्टोबरमध्ये तो ट्रेलर अठराशे डॉलरला दिला. घेणारा सुतारकाम करणारा तरुण होता, त्याला सगळं उपटून नुसता सांगाडा वापरायचा होता. आम्ही वॉलपेपर आधीच फाडून टाकला होता, गादी काढून ठेवली होती. पावतीवर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं की पुढची भिंत, छत आणि जमीन पाण्यानं कुजलेली आहे, फोटो सोबत जोडले आहेत, आणि त्याखाली त्याची सही घेतली. टायटलवर त्याचं नाव त्याच्या ओळखपत्रावरून बघून, आमच्यासमोर, शाईनं लिहायला लावलं. तो म्हणाला, "नंतर भरतो ना." मी पेन त्याच्या हातात दिलं आणि तो लिहीपर्यंत किल्ली माझ्याकडेच ठेवली.