पहिलं लष्करी घड्याळ कोणतं घ्यावं: डर्टी डझन, ए-११ की डब्ल्यू१०?

संग्राहकांच्या भेटीला पहिल्यांदा आलेला माणूस टेबलाकडे वळला की त्याचा हात हमखास 'डर्टी डझन'कडे जातो. त्यात नवल नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ब्रिटिश लष्कराने एकच नमुना ठरवून तो बारा कंपन्यांकडून करून घेतला: ब्यूरेन, सीमा, इटर्ना, ग्राना, जेजर-लकुल्त्र, लेमानिया, लाँजीन, आयडब्ल्यूसी, ओमेगा, रेकॉर्ड, टिमोर आणि व्हर्टेक्स. काळी डायल, सहाच्या जागी छोटा सेकंद काटा, डायलवर आणि पाठीवर सरकारी मालकीचा रुंद बाण. पाठीवरची तीन अक्षरं म्हणजे 'वॉच, रिस्ट, वॉटरप्रूफ'. म्हणून संग्राहक यांना ट्रिपल डब्ल्यू म्हणतात. बहुतेक घड्याळं १९४५ मध्ये लष्कराच्या हाती पडली, म्हणजे युद्ध संपत आलं तेव्हा. 'हे रणांगणावरून आलंय' असं कुणी सांगितलं तर ते जपूनच ऐका.

दिसायला यांच्या तोडीचं दुसरं लष्करी घड्याळ नाही, असं माझं ठाम मत आहे. तरीही पहिलं घड्याळ म्हणून मी ते सुचवणार नाही. ही घड्याळं पुढे अनेक वर्षं लष्कराच्या सेवेत राहिली. कार्यशाळांत डायल बदलल्या, काटे बदलले, एकाचे भाग दुसऱ्याला बसले. काहींना नंतर अंधारात चमकणाऱ्या ट्रिटियमच्या नव्या डायल लागल्या. वर्तुळातल्या 'टी'वरून त्या ओळखू येतात. हे बदल लष्करानेच केलेले असतील तर तो त्या घड्याळाचा खरा इतिहास आहे. कालपरवा एखाद्या विक्रेत्याने केलेले असतील तर ती फसवणूक. फोटोवरून हा फरक कळत नाही. माझं पहिलं ट्रिपल डब्ल्यू मी फोटो बघूनच घेतलं होतं. भेटीत एका जुन्या संग्राहकाने त्यावर यूव्ही टॉर्च धरला आणि विझवला. आकडे लगेच काळोखात गेले, काटे मात्र बराच वेळ हिरवे चमकत राहिले. काट्यांवरचा थर कुणीतरी अलीकडे भरला होता. मूळ रेडियमच्या रंगातला प्रकाश देणारा घटक केव्हाच थकलेला असतो, तो असा तग धरत नाही. रेडियम स्वतः मात्र तिथेच असतं, कारण ते निम्मं व्हायला सुमारे १६०० वर्षं लागतात. ते किरणोत्सारी आहे, म्हणून असं घड्याळ टेबलावर उघडायचं नाही आणि त्याची डायल खरवडायची नाही. त्या रंगाची धूळ श्वासातून आत जाता कामा नये.

अमेरिकन ए-११ हाही युद्धकाळातलाच नमुना. एल्जिन, वॉल्थम आणि बुलोव्हा यांनी तो बनवला. पाठीवर ठळक 'टाइप ए-११' असतं आणि बऱ्याचदा क्रमांकात वर्षही सापडतं. याच्या सेकंद काट्यात खरी गंमत आहे. चावी बाहेर ओढली की काटा थांबतो, दाबली की सुटतो. आमच्या भेटीत एकदा चार ए-११ ओळीने मांडली, चारही काटे बारावर थांबवले आणि 'आता!' म्हणताच सगळ्यांनी एकदम चाव्या दाबल्या. वैमानिक मोहिमेआधी वेळ जुळवत ते कशासाठी, हे त्या क्षणी हातालाच कळतं. ट्रिपल डब्ल्यूपैकी बहुतेकांत ही सोय नाही. शिवाय ए-११ची मशीन त्या कंपन्यांच्या नेहमीच्या उत्पादनातली, त्यामुळे सुटे भाग मिळणं तुलनेने सोपं. अडचण आकाराची आहे. केस, म्हणजे घड्याळाचं बाहेरचं कवच, जेमतेम ३२ मिलिमीटर. आजच्या मोठ्या घड्याळांची सवय असलेल्या मनगटावर ते लहान वाटतं. कागदावरचा आकडा वाचून ठरवू नका, भेटीत दहा मिनिटं घालून बसा. केसवरचा मुलामा पट्ट्याच्या कडेला उडालेला असतो, तोही तेव्हाच दिसेल.

डब्ल्यू१० हे त्यानंतरच्या पिढीचं ब्रिटिश घड्याळ. नाव लष्कराच्या भांडारातल्या सांकेतिक क्रमांकावरून पडलं. आधी स्मिथ्स कंपनीने चेल्टनहॅममध्ये ते बनवलं, मग हॅमिल्टनने, आणि १९७६ पासून सीडब्ल्यूसीने. रोज वापरायला यासारखं दुसरं नाही. हॅमिल्टन आणि सीडब्ल्यूसीची केस फुगीर पिंपासारखी, सुमारे ३५ मिलिमीटर रुंद आणि एकसंध. मागचं झाकण उघडतच नाही, काच काढून मशीन वरून बाहेर घ्यावी लागते. सर्व्हिसला देताना घड्याळजीला हे आधी सांगा, नाहीतर तो पाठीवर खुणा पाडून ठेवेल. सेकंद काटा इथेही थांबतो. डायलवर ट्रिटियम आहे, जे सुमारे बारा वर्षांत निम्मं होतं. १९७६च्या घड्याळात आता मूळच्या सोळाव्या हिश्श्याइतकंच उरलंय, तेव्हा अंधारात वेळ दिसेल ही आशा नको. पाठीवर क्रमांकाशेजारी वर्षाचे शेवटचे दोन आकडे कोरलेले असतात. आपल्या जन्मसालाचं शोधत येणारे यामुळेच याच्या प्रेमात पडतात.

तेव्हा रोज घालायचं असेल तर डब्ल्यू१०. महायुद्धाचाच काळ हवा आणि लहान आकार चालत असेल तर ए-११. मन डझनातच अडकलं असेल तर दोन-तीन भेटी नुसतं बघण्यात घालवा आणि मग सीमापासून सुरुवात करा. तिची केस भक्कम आहे. ग्राना सर्वांत दुर्मीळ, म्हणूनच जोडतोडीचा धोकाही तिथे मोठा. पट्टा काढून पाठ बघायची असेल तर आधी मालकाला विचारा. बहुतेक ट्रिपल डब्ल्यूंत पट्टा अडकवायच्या दांड्या पक्क्या बसवलेल्या असतात, त्यामुळे पट्टा ओढूनच काढावा लागतो, आणि जुनं चामडं त्या ओढण्यात सहज फाटतं.