एकालाच मेंटॉर करायचं की ग्रुपला?

ज्यांच्या घरातून आधी कोणी सायन्समध्ये गेलं नाही अशा मुलांना मेंटॉर करायचं तर एकीलाच धरायचं की पाच-सहा जणांचा ग्रुप घ्यायचा? एकटी असली की मोकळं बोलते, प्रोफेसरला ईमेल कसा लिहायचा, लॅबमध्ये काम कोणाकडे मागायचं, हे पुस्तकात कुठे नसतंच ना. पण आपण बिझी झालो की सगळं ठप्प. ग्रुपमध्ये पोरं एकमेकांना सावरतात, 'मलाच जमत नाही' ही भीती जरा कमी होते. अमेरिकेत कॉलेजातल्या मुलांना सायन्समध्ये पुढे नेण्यासाठी १९८८ मध्ये सुरू झालेला मेयरहॉफ स्कॉलर्स प्रोग्रॅमही बॅचनेच चालतो. मी ग्रुपच घेईन, फक्त महिन्यातून एकदा प्रत्येकाशी वेगळं बोलायचंच, कारण लाजरी मुलं चारचौघांत तोंडच उघडत नाहीत.