थंडीच्या मुलखात गिअरबॉक्सला जादा कूलर: घ्यावा का, आणि कसा जोडावा

कॅनडातल्या कॅलगरी-एडमंटनकडे ऑटोमॅटिक गाडीने कॅम्पर (चाकांवरचं घर) ओढणाऱ्यांना हा प्रश्न पडतोच: गिअरबॉक्सचं तेल गार ठेवायला उन्हाळ्यासाठी बसवलेला जादा कूलर जानेवारीच्या उणे 30 अंशांत गिअरबॉक्सला बाधेल का? बाधू शकतो. मात्र ते कूलरपेक्षा जोडणीवर जास्त ठरतं.

काहीच ओढायचं नसेल तर हा खर्च करू नका. रेडिएटरच्या टाकीतला मूळ कूलर पुरेसा आहे. शिवाय हिवाळ्यात तोच इंजिनाभोवती फिरून तापलेल्या कूलंटची ऊब गिअरबॉक्सच्या तेलाला देतो. हे तेल साधारण 80 ते 95 अंशांवर नीट चालतं. गार असलं की घट्ट राहतं, गिअर उशिरा पडतात, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) लवकर लॉक होत नाही आणि पेट्रोल जास्त जातं.

ओढणाऱ्यांची गोष्ट वेगळी. जुलैत गोल्डन गावाहून रॉकी पर्वतातल्या किकिंग हॉर्स खिंडीकडे परतताना रस्ता सुमारे 800 मीटरवरून 1,600 मीटरच्या वर चढतो. मागे दोन टनांचा कॅम्पर असला की टॉर्क कन्व्हर्टर घसरत राहतो आणि तेल तिथेच तापतं. कंपनीने कूलर दिला नसेल, तर इथे तो हवाच.

आता जोडणी. काहीजण मूळ कूलर वगळून सगळं तेल नव्या कूलरमधून फिरवतात. 2005 ते 2010 च्या काही निसान फ्रंटिअर, एक्सटेरा आणि पाथफाइंडर गाड्यांत रेडिएटरमधला कूलर आतून फुटून कूलंट गिअरबॉक्सच्या तेलात मिसळायचं, त्यामुळे अनेक मालकांनी हाच मार्ग धरला. त्यांची धास्ती रास्त होती. पण प्रेअरीच्या, म्हणजे इथल्या सपाट गवताळ मुलखाच्या, हिवाळ्यात असं केलं की तेलाला ऊब मिळण्याची सोयच जाते. त्याहून गंभीर बाब म्हणजे अनेक गिअरबॉक्सांत कूलरमधून परतणारं तेलच आतल्या भागांना वंगण पुरवतं. गारठलेल्या कूलरमध्ये ते अडलं, तर वंगण तुटतं. अशा गाडीला मी नवा रेडिएटर घालेन. मूळ कूलर वगळणार नाही.

रेडिएटरनंतर नवा कूलर जोडला तर उन्हाळा छान निभावतो. हिवाळ्यात मात्र मिळालेली ऊब तो पुन्हा घालवतो. गार हवा अडवायला कूलरपुढे पुठ्ठा लावता येतो, पण चिनूक हा डोंगरावरून येणारा उबदार वारा सुटला की काही तासांत पारा चढून शून्याच्या वर जातो आणि पुठ्ठा तसाच राहून जातो.

माझा कौल याच जोडणीला, पण थर्मोस्टॅट व्हॉल्व्हसह. तेल 80 अंशांच्या आसपास तापेपर्यंत हा व्हॉल्व्ह ते नव्या कूलरला वळसा घालून परत पाठवतो. काही प्लेटवाल्या कूलरमध्ये घट्ट तेलासाठी आतच आडवाट असते. ती चांगलीच, पण ती दाबावर चालते, तापमानावर नाही. म्हणून व्हॉल्व्ह वेगळा घ्याच.

आणि विजेवरचा ब्लॉक हीटर रात्रभर लावलात तरी तो इंजिनच गरम करतो. पहिली काही मिनिटं गाडी सावकाशच चालवा.