खिशातला गायगर मापक: मालगुंडच्या पुळणीपासून चवऱ्याच्या किनाऱ्यापर्यंत

रत्नागिरीजवळच्या काळबादेवी-मालगुंड पट्ट्यात वाळू ठिकठिकाणी काळी दिसते आणि ‘ही वाळू किरणोत्सारी आहे’ असे तिथे जाणाऱ्याला कोणी ना कोणी ऐकवतेच. या बोलण्याची एकदा शहानिशा करावी म्हणून मी साधारण सहा हजार रुपयांना खिशात मावणारा एक गायगर मापक, म्हणजे किरणोत्सार मोजणारे यंत्र, ऑनलाइन मागवला. या साच्याचे मापक निरनिराळ्या नावांनी विकले जातात, तेव्हा नावापेक्षा आतली काचेची नळी काय करू शकते आणि काय नाही, हे सांगणे अधिक उपयोगाचे ठरेल.

नळीत कमी दाबाचा वायू असतो. किरणोत्सारी पदार्थातून निघालेला बीटा कण किंवा गॅमा किरण आत शिरला की क्षणभर विद्युतप्रवाह वाहतो, मापक ‘टिक’ करतो आणि त्या टिकांच्या संख्येवरून पडद्यावर ताशी मायक्रोसीव्हर्टचा (शरीराला मिळणारा किरणोत्सार मोजण्याच्या एककाचा) आकडा उमटतो. अल्फा कण काच ओलांडत नाहीत, म्हणून ते या हिशेबात येतच नाहीत. माझ्या अंगणात मिनिटाला विसाच्या आसपास टिक पडले, म्हणजे साधारण ०.१३ मायक्रोसीव्हर्ट. इतक्या मंद मोजणीत एका मिनिटाचा आकडा निव्वळ योगायोगाने चार-पाचने खालीवर होतो, त्यामुळे किमान दहा मिनिटे थांबून सरासरी काढावी लागते. सोबतच्या पुस्तिकेत याविषयी चकार शब्द नाही आणि बहुतेक ग्राहकांचा गैरसमज इथूनच सुरू होत असावा.

मालगुंडला ओहोटीच्या वेळी काळ्या पट्ट्यावर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले लोहचुंबक फिरवले, तेव्हा त्याला काळ्या कणांच्या मिशा फुटल्या. मापकाचा आकडा मात्र अंगणातल्याइतकाच राहिला. हे अपेक्षितच होते. ही वाळू मुख्यत्वे इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट या लोहयुक्त खनिजांची असून सह्याद्रीच्या बेसॉल्टमधून आलेली आहे, तर मोनाझाइट हे किरणोत्सारी खनिज ग्रॅनाइट आणि त्याच्या जातकुळीतल्या खडकांचे अपत्य आहे. रंगावरून किरणोत्सार ठरवणे चूक आहे, एवढे पटवून देण्यापुरते तरी मापकाने पैसे वसूल केले.

खरी परीक्षा केरळमधील कोल्लम जिल्ह्यात, नीण्डकरा ते चवरा या किनाऱ्यावर झाली. तिथले लोक या वाळूला ‘करिमणल’, म्हणजे काळी वाळूच, म्हणतात. पण तिच्यात इल्मेनाइट, रुटाइल आणि झिरकॉनच्या जोडीला मधाच्या रंगाचे मोनाझाइटचे कण असतात. कमरेच्या उंचीवर धरलेल्या मापकाने अंगणाच्या दहापट आकडा दाखवला आणि ०.५ वर ठेवलेला त्याचा कारखान्यातला इशारा जो किंचाळू लागला तो थांबेना. शेजारच्या टपरीतल्या चहावाल्याने माझ्याकडे पाहून नुसते हसून घेतले. त्याचे हसणे रास्त होते. याच करुणागप्पळ्ळी भागातील हजारो रहिवाशांच्या अनेक वर्षांच्या नोंदींवर आधारलेल्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या किरणोत्सारामुळे कर्करोग वाढल्याचे दिसलेले नाही. इशाऱ्याची पातळी बदलता येते, परंतु ती सोय मापकाच्या पडद्यावरील पर्यायांच्या यादीत तिसऱ्या पोटात दडवून ठेवली आहे.

आकड्यावर शब्दशः विश्वास ठेवू नये, याचे आणखी एक कारण आहे. टिकांचे मायक्रोसीव्हर्ट करणारे अशा मापकांतले गणित सहसा सीझियम-१३७ या किरणोत्सारी पदार्थाच्या गॅमा किरणांवर बेतलेले असते आणि वाळूला टेकवलेला मापक बीटा कणही त्यातच मोजतो. मी मध्ये स्टीलची ताटली धरताच आकडा चटकन उतरला. दोन जागांची तुलना करण्यासाठी हे यंत्र उत्तम आहे. शरीराला नेमका किती किरणोत्सार मिळाला हे सांगण्यासाठी मात्र ते अपुरे आहे.

जाहिरातीतला ‘दुर्मिळ मृदा खनिजे ओळखा’ हा दावा तर सरळ दिशाभूल करणारा आहे. भारतीय मोनाझाइटमध्ये सुमारे ५५ ते ६० टक्के दुर्मिळ मृदा ऑक्साइड असतात, पण सिरियम, लँथनम, निओडिमियम यांची या मापकाला गंधवार्ताही नसते. टिक येतात ते त्याच खनिजातल्या आठ ते दहा टक्के थोरियम ऑक्साइडमुळे आणि थोरियमच्या क्षयातून निर्माण होणाऱ्या मूलद्रव्यांमुळे. कोणते मूलद्रव्य आहे हे ओळखायचे, तर किरणांची ऊर्जा मोजणारा वर्णपटमापक हवा आणि त्याची किंमत याच्या कित्येक पट असते.

बॅटरी दिवसभर टिकते. चार्जिंगच्या खाचेला झाकण नाही, ही समुद्रकाठी अक्षम्य उणीव आहे. मोनाझाइट हा अणुऊर्जाविषयक कायद्याखाली विहित, म्हणजे सरकारी नियंत्रणाखालचा, पदार्थ असल्याने नमुना म्हणून वाळू घरी आणण्याचा मोह टाळून मोजणी जागेवरच करावी. मीही तसेच केले होते, तरीही परतल्यावर घरात मापक नेहमीपेक्षा जास्त टिकटिकू लागला. १९०९ साली शोम्बर्ग या जर्मन रसायनज्ञाला त्रावणकोर (आजच्या केरळमधील तत्कालीन संस्थान) इथल्या मोनाझाइटचा पत्ता लागला तो निर्यात झालेल्या काथ्याला चिकटून आलेल्या वाळूमुळे. माझ्या बाबतीत ती मापकाच्या कापडी थैलीच्या शिवणीत निघाली, जेमतेम चिमूटभर. थैली दूर ठेवल्यावर आकडा दहा मिनिटांत पूर्ववत झाला.