लाइन शाफ्ट गेला, डिझेल-इलेक्ट्रिक फायर पंप आला: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

मुंबईपासून साधारण १६० किलोमीटरवर, अरबी समुद्रातल्या मुंबई हाय तेलक्षेत्राच्या पट्ट्यातल्या एका जुन्या प्रोसेस प्लॅटफॉर्मवर मी मेंटेनन्स बघतो. आग विझवायला समुद्राचं पाणी उपसणारा आमचा एक फायर वॉटर पंप गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर बदलला. आधीचा लाइन शाफ्टचा होता: डेकवर डिझेल इंजिन, काटकोनी गिअरबॉक्स आणि तिथून थेट समुद्रात उतरणारा उभा शाफ्ट. आता डिझेल-इलेक्ट्रिक आहे. वरच्या डेकवर अग्निरोधक कंटेनरमध्ये स्वतंत्र डिझेल जनरेटर, तिथून केबल, आणि केसनच्या (डेकवरून समुद्रात उतरणाऱ्या जाड नळीच्या) आत पाण्यात बुडालेली मोटर व पंप. दोन्ही प्रकार हाताखालून गेलेत. ज्यांच्याकडे असा बदल व्हायचाय त्यांच्यासाठी हे लिहितोय.

मत आधीच सांगतो. पुन्हा निवडायची वेळ आली तर मी हाच घेईन. अट एकच, प्लॅटफॉर्मवर प्रत्येक शिफ्टला हाय व्होल्टेजची जाण असलेला इलेक्ट्रिशियन हवा. लाइन शाफ्ट फिटरच्या भरवशावर चालायचा, हा चालत नाही.

‘इलेक्ट्रिक’ म्हटलं की पहिला प्रश्न येतो, प्लॅटफॉर्मची वीज गेली तर? प्रश्न अगदी रास्त आहे. २०१० साली मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या ड्रिलिंग रिगवर स्फोटानंतर वीज गेली आणि विजेवरचे फायर पंपही गेले. ११ माणसं त्या दुर्घटनेत दगावली. आमच्या सेटचा प्लॅटफॉर्मच्या मेन पॉवरशी काही संबंध नाही. एक इंजिन, एक अल्टरनेटर (जनरेटरचा वीज बनवणारा भाग), एक केबल, एक मोटर, बस्स. बसवताना एक सूचना आली होती की शटडाउनच्या काळात एवढा मोठा जनरेटर रिकामा कशाला ठेवायचा, त्यावर इतर लोड टाकता येईल अशी जोडणी करून घ्या. आम्ही ती ठामपणे नाकारली. एकदा का तो इतर लोडला जोडला की कुठल्या तरी कोपऱ्यातला फॉल्ट फायर पंपाला घेऊन बसणार.

यातूनच खरेदीतली सगळ्यात मोठी अडचण आली. पॅनल बनवणारे लोक जनरेटरचे होते, आणि जनरेटरवाल्याची सवय मशीन वाचवायची असते. कूलिंगचं पाणी तापलं, ट्रिप, म्हणजे इंजिन आपोआप बंद. ऑइलचं प्रेशर उतरलं, ट्रिप. फायर पंपाचं तत्त्व उलटं आहे. मागणी आल्यावर इंजिन जळालं तरी चालेल, पाणी थांबता कामा नये. फायर पंपांसाठीच्या एनएफपीए २० या अमेरिकी मानकानुसार आपोआप सुरू झालेला डिझेल फायर पंप ओव्हरस्पीडवर, म्हणजे वेग हाताबाहेर गेल्यावर, थांबतो. तापमान आणि ऑइल प्रेशरसाठी फक्त अलार्म वाजतो. कारखान्यातल्या चाचणीला आमच्या माणसाने सेन्सरची वायर काढून बघितली आणि इंजिन चक्क बंद पडलं! लॉजिक तिथेच बदलून घेतलं. कागदावर मानकाचं नाव लिहिलंय म्हणून समाधान मानू नका. एकेक सेन्सर खोटा तापवून, खोटा उतरवून बघा.

आता सुरू होण्याची पद्धत, कारण मला या यंत्रातलं सगळ्यात आवडलेलं तेच आहे. आठवड्याच्या टेस्टला आम्ही पॅनलवरचं बटण दाबत नाही. दाब ओळखणाऱ्या सेन्सिंग लाइनचा ड्रेन किंचित उघडतो, म्हणजे रिंग मेनचं (प्लॅटफॉर्मभर फिरणाऱ्या फायर वॉटरच्या पाइपचं) प्रेशर पडल्याचं पंपाला खरोखर ‘वाटतं’. इंजिन क्रँक होतं. मोटरचा ब्रेकर आधीपासूनच जोडलेला असतो. इंजिनचा वेग कमी असतानाच अल्टरनेटरला एक्सायटेशन मिळतं, म्हणजे तो वीज बनवायला लागतो, आणि इंजिन जसं चढत जातं तसतशी खालची मोटरही बरोबरीने चढते. थेट पूर्ण व्होल्टेजवर मोटर सुरू केली तर सहा-सातपट करंट खेचते. इथे तो झटकाच नाही, त्यामुळे अल्टरनेटर अवाढव्य घ्यावा लागला नाही. कंटेनरच्या दाराशी उभं राहिलं तर इंजिनचा आवाज एकदाही दबत नाही, सरळ वर चढतो.

त्याच वेळी डेकवर दुसरं काही घडत असतं. पंप बंद असताना पाण्याच्या पातळीपासून डेकपर्यंतचा पाइप हवेने भरलेला असतो. पंप चालू झाला की ती सगळी हवा एअर रिलीज व्हॉल्व्हमधून फुस्स करून बाहेर पडते, शेवटी खाऱ्या पाण्याचा एक फवारा, मग व्हॉल्व्ह बसतो आणि गेजचा काटा एका दमात वर जातो. पावसाळ्यात एकदा हा व्हॉल्व्ह अर्धवट अडकला. फ्लोटवर मिठाचा पापुद्रा धरला होता. दाबलेली हवा पुढे गेली आणि रिंग मेनमध्ये असा दणका बसला की पाइप सपोर्ट थरथरले. तेव्हापासून तो फ्लोट दर महिन्याला काढून साफ होतो. एवढ्या मोठ्या यंत्रणेत ही तळहाताएवढी वस्तू, पण तिच्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

टेस्ट ३० मिनिटांची, आणि डंप व्हॉल्व्ह उघडून खरं पाणी समुद्रात सोडून. नुसतं बंद व्हॉल्व्हवर चालवलं तर पंप तापतो, आणि बिनलोडाच्या डिझेल इंजिनात न जळलेलं इंधन आणि काजळी साठते. रेटेड फ्लोच्या १५० टक्के पाणी देताना हेड, म्हणजे पंपाचा दाब, रेटेडच्या ६५ टक्क्यांच्या खाली जाता कामा नये, ही कसोटी कमिशनिंगला घेतली आणि पावसाळा संपल्यावर पुन्हा घेतली. दोन्ही कर्व्ह जवळपास एकावर एक बसले. जुन्या पंपाचं तसं नव्हतं. केसन लाटांनी हलायची, शाफ्टचे रबर बेअरिंग झिजायचे आणि दर पावसाळ्यानंतर व्हायब्रेशनचे आकडे वर गेलेले असायचे. अलाइनमेंट, म्हणजे शाफ्ट एका रेषेत ठेवणं, हा वर्षभराचा धंदा होता. या पंपापुरता तो पूर्ण संपला.

शिवाय इंजिन पंपाच्या डोक्यावरच हवं ही सक्ती गेली. आमचं जुनं इंजिन खालच्या डेकवर, गॅस कॉम्प्रेशनच्या फार जवळ होतं. आता ते लांब आणि उंच आहे, वाऱ्याच्या बाजूला.

बदल्यात काय द्यावं लागतं? अल्टरनेटर आणि मोटर दोन्हीकडे शक्ती वाया जाते, त्यामुळे तेवढ्याच पाण्याला इंजिन थोडं मोठं लागतं. आठवड्यातून अर्धा तास चालणाऱ्या यंत्राला मी याचं फार दुःख करत नाही. खरी काळजी इन्सुलेशनची. मोटर पाण्यात आहे, बघता येत नाही. तिची तब्येत फक्त मेगरवर, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या मीटरवर कळते. म्हणून वायंडिंगचं रीडिंग आम्ही दर आठवड्याला घेतो आणि त्याचा आलेख ठेवतो. ऑगस्टमध्ये रीडिंग घसरायला लागलं. मोटरमध्ये पाणी शिरलं म्हणून सगळ्यांचे चेहरे उतरले, कारण त्या समुद्रात पंप वर काढणं शक्यच नव्हतं. इलेक्ट्रिशियनने डेकवरच्या जंक्शन बॉक्सपाशी केबल सोडून दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजल्या. खालची बाजू ठणठणीत निघाली. केबल बॉक्समध्ये शिरते तिथल्या ग्लँडचं सील बसलेलं नव्हतं आणि बॉक्सच्या तळाशी बारीकसं ओल होतं. पुसून, वाळवून, ग्लँड बदलल्यावर रीडिंग पूर्वपदावर आलं. केबल तोडून जोडायची वेळ आली असती तर मात्र पंचाईत होती. जोडणीचं किट पुरवठादाराकडे तयार नव्हतं, आणि आधी मागूनही ते यायला महिने लागले. याचा मला अजून राग आहे. फायर पंप विकताना हे किट बरोबरच द्यायला हवं.

पंप ऑटोवर की मॅन्युअलवर हे ठरवणाऱ्या सिलेक्टर स्विचबद्दल दोन शब्द. ६ जुलै १९८८ ला उत्तर समुद्रात पायपर अल्फा हा प्लॅटफॉर्म जळाला, १६७ माणसं गेली. पाण्यात डायव्हर उतरतात, ते पंपाच्या तोंडाकडे ओढले जाऊ नयेत म्हणून तिथले डिझेल फायर पंप मॅन्युअलवर ठेवलेले होते, आणि आग लागल्यावर ते सुरू करायला कुणी पोहोचू शकलं नाही. आमच्याकडेही पावसाळा सरला की डायव्हिंगची कामं असतात आणि तीच मागणी येते. नव्या पंपाच्या तोंडाशी मोठी जाळी आहे, तिथे पाण्याचा ओढ कमी राहतो. डायव्हर केसनच्या जवळ असेल तेवढ्यापुरताच आता स्विच मॅन्युअलवर जातो, तोही पॅनलपाशी वॉकीटॉकी घेऊन एक माणूस उभा करून. परमिटवर त्या माणसाचं नाव असतं.

शिंपले-शेवाळासाठी हायपोक्लोराइटचं डोसिंग पंपाच्या तोंडाशी सोडलंय. लाइन अधूनमधून तुंबते, फ्लश केली की मोकळी होते.

एक गोष्ट अजून बघायची राहिली आहे. पंप वर काढणं. राइझिंग मेनचा (पंपापासून डेकपर्यंतच्या पाइपचा) प्रत्येक तुकडा फ्लँजपासून सोडवायचा, केबलचे क्लँप काढायचे, क्रेनवर केबलला पीळ न पडू देता उचलायचं. हवामान शांत असलेल्या दिवसांत पहिली तपासणी ठरली आहे. तोपर्यंत दुसरा जुना लाइन शाफ्ट पंप स्टँडबायला तसाच ठेवलाय. तो बदलायचा की नाही, हे इंपेलर (पंपातलं पाणी ढकलणारं चाक) आणि केबलची अवस्था डोळ्यांनी बघितल्यावर ठरेल.