किल्ल्यावरच्या कबरी की शुक्रवारीतल्या छत्र्या?

नागपुरातला सीताबर्डीचा किल्ला आर्मीच्या ताब्यात, वर्षातून मोजून 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट असा उघडतो, मग गर्दी विचारू नका. पण नोव्हेंबर 1817 मध्ये नागपूरचे राजे अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेशी लढून मेलेल्या इंग्रजांकडच्या सैनिकांच्या कबरी तिथंच टेकडीवर आहेत, अन् वरून अख्खं शहर दिसते, त्यामुळे ही टेकडी धरून इंग्रज का बसले हे गाईडनं न सांगताही कळते. जुन्या शुक्रवारीतल्या (एरिया, वार नाही) भोसल्यांच्या छत्र्यांना (म्हणजे राजघराण्याच्या समाध्यांना) झेंडावंदनाची वाट पहावी लागत नाही. तिथं मात्र सांगणारा पाहिजेच, नाहीतर दगडी नक्षीवर हात फिरवून, दोन फोटो काढून माणूस तर्री-पोहे खायला निघतो बाप्पा, मी तेच केलं होतं. पहिल्यांदा छत्र्याच करा, उन्हाच्या आधी.